राहून गेलेला हात

बिशपच्या बायकोशी लोक फार जपून बोलतात. मी खोलीत शिरले की बायका आवाज खाली आणतात, पुरुष सिगारेट पाठीमागे नेतात आणि कुणीतरी उगाचच उकाड्याचा विषय काढतं. मला नेहमी सांगावंसं वाटायचं, बाबांनो, ह्या माणसाला बिशप करण्यात माझा काडीचाही वाटा नाही. मी शाळेत भूगोल शिकवायचे. लग्न केलं ते एका सहायक पाळकाशी. दोन पांढरे झगे, एक सायकल आणि प्लंबरची हत्यारांची पेटी, एवढीच काय ती त्याची इस्टेट होती.

पेटी माझ्या सासऱ्यांची. ते शहरभर नळ दुरुस्त करत फिरायचे आणि धाकट्यानंही तेच करावं एवढी साधी त्यांची अपेक्षा होती. मुलगा देवाच्या कामाला जायचं म्हणतोय हे ऐकून ते म्हणाले होते म्हणे, "जा. पण पाना धरायला विसरू नकोस. देव प्रसन्न झाला तरी नळ गळायचे थांबत नाहीत." ह्यांनी ते आयुष्यभर पाळलं. पुढे बिशप झाल्यावर कुठल्याही गावी गेले की स्वागताची भाषणं संपायच्या आतच ह्यांचे कान पाळकाच्या घरातल्या टपटपीकडे लागलेले असायचे. मग जांभळा सदरा काढून खुर्चीच्या पाठीवर टाकायचा, बनियनवर सिंकखाली आडवं व्हायचं आणि आतून जाहीर करायचं, "वायसर गेलाय." चर्चच्या मंडळीतल्या बड्या लोकांना हे मुळीच रुचत नसे. पाळकांच्या बायकांना मात्र फार आवडायचं. एका घरी तर बिघडलेला फ्लश आम्ही येईपर्यंत मुद्दाम तसाच ठेवला होता.

लोकांनी ह्यांचं नाव पाडलं होतं 'बघूसाहेब'. कुठलीही तक्रार घेऊन जा, हे शांतपणे ऐकून घेणार, चष्मा पुसणार आणि म्हणणार, "बघू." छप्पर गळतंय, बघू. दोन घरांत पहिल्या बाकावरून जुंपलीय, बघू. त्या बघण्यात निम्म्या गोष्टी आपोआप मिटायच्या, हे मला मान्य आहे. उरलेल्या निम्म्या मात्र कुजत पडायच्या. त्यातली सगळ्यात जुनी म्हणजे बायकांना पाळक होऊ द्यायचं की नाही. इतर धर्मप्रांतांत, म्हणजे दुसऱ्या बिशपांच्या हद्दीत, बायका कधीच्या पाळक झाल्या होत्या. आमच्याकडे निर्णय बिशपवर सोडलेला होता, आणि बिशप बघत होते.

मी घरात ह्यावरून किती वेळा तोंड वाजवलं त्याला सुमार नाही. ते म्हणायचे, मंडळीला सवय नाही अजून. मी म्हणायचे, सवय व्हायला आधी काहीतरी घडावं लागतं. मग ते चष्मा पुसायला घ्यायचे आणि मी भांडी आपटायला.

इथे एक गोष्ट सांगून टाकते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. उपदेश कुणीही पाळक करतो, बाप्तिस्मा देतो, लग्न लावतो, मेलेल्याला पुरतो. फक्त दोन कामं अशी आहेत, जी बिशपशिवाय कुणी करू शकत नाही. मोठ्या झालेल्या मुलांना मंडळीत पक्कं करणं, आणि नवा पाळक घडवणं. दोन्ही डोक्यावर हात ठेवून करायची. शाळेतल्या मुलांना हे समजावताना आमचे हे म्हणायचे, "माझ्या डोक्यावर एका बिशपनं हात ठेवला, त्याच्या डोक्यावर त्याच्या आधीच्यानं, असं थेट मागे जातं. पाइपलाइन आहे ही. मधला एक जोड राहिला की पुढच्या घरी पाणी नाही." मुलं हसायची. ह्यांचे हात चांगलेच जड होते, आणि ते डोक्यावर पडले की कार्टी एकदम गप्प व्हायची. अजूनही रस्त्यात कुणी बाप्या माणूस भेटतो आणि सांगतो, साहेबांच्या हाताचं वजन आठवतं बघा.

आता सिस्टर. सिस्टर म्हणजे मठातली नव्हे, दवाखान्यातली. मोठ्या सरकारी रुग्णालयात ती वॉर्डची मुख्य परिचारिका होती. नोकरी सांभाळून तिनं धर्मशिक्षणाच्या परीक्षा दिल्या आणि डीकन झाली. डीकन ही पाळकाच्या खालची पायरी. तिथून पुरुष साधारण वर्षभरात वर सरकतात. ही तिथेच अडकली, कारण वरच्या पायरीवर आमचे हे चष्मा पुसत उभे होते. डीकनला रोग्यांसाठी प्रार्थना करता येते, उपदेश करता येतो, पण प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस आशीर्वादित करता येत नाही. त्यासाठी नदीपलीकडून एक पाळक यायचा, आला तर. तो उभा राहायचा, आणि रोज त्या माणसांची तोंडं धुणारी सिस्टर बाजूला सरायची. कित्येक वर्षं तिनं हे केलं, तेही चेहऱ्यावर काही न दाखवता. माझ्याच्यानं झालं नसतं.

मग ह्यांचं हर्नियाचं ऑपरेशन निघालं. स्वतंत्र खोली मिळत होती, पण ह्यांना गप्पांना माणसं लागतात, म्हणून जनरल वॉर्ड. शेजारच्या खाटेवर एक निवृत्त पोस्टमन होते, अगदी शेवटाला टेकलेले. एका सकाळी त्यांनी प्रभुभोजन मागितलं. सिस्टरनं खाटेशेजारच्या लोखंडी कपाटावर स्वच्छ रुमाल अंथरला, भाकर ठेवली, पेला ठेवला. नदीपलीकडचा पाळक एका अंत्यविधीत अडकला होता. ती फोन करत राहिली, पोस्टमन दाराकडे बघत राहिले. शेवटी आमचे हे उठले. नाकात नळी, हाताला सलाईन, अंगात दवाखान्याचा तो पाठीमागून उघडा झगा. सिस्टरनं सलाईनची दांडी धरली, मी मागून झगा दोन्ही हातांनी मिटून धरला, आणि बिशपसाहेबांनी भाकर उचलली. मोठ्या चर्चमधल्या ह्यांच्या झगमगीत उपासना मी खूप पाहिल्यात. त्यातली एकही हिच्या जवळपास येत नाही.

पोस्टमननी भाकर खाल्ली आणि जरा वेळानं विचारलं, "ही बाई रोज येते. हिनं केलं असतं तर चाललं नसतं का?"

ह्यांनी तोंड उघडलं. आता 'बघू' येणार, हे मला ओठांवरूनच कळलं. पण ते आलं नाही. हे खाटेवर जाऊन पडले आणि भिंतीकडे तोंड करून दुपारपर्यंत तसेच राहिले. आम्ही घरी यायच्या आधीच पोस्टमन गेले.

त्यानंतरच्या धर्मप्रांताच्या सभेत ह्यांनी उभं राहून सांगितलं की सिस्टरला पाळकपदाची दीक्षा मिळेल, आणि ती मीच देईन. सभेत असा काही गोंधळ उडाला की बाहेर चहा ठेवणारा माणूस आत डोकावून गेला. सर्वांत दुखावले गेले आर्चडिकन. आर्चडिकन म्हणजे बिशपच्या खालोखालचा अधिकारी, सगळा कारभार त्याच्याच गळ्यात. आमचे आर्चडिकन शिस्तीचे, इस्त्रीचे, आणि मनानं वाईट मुळीच नाहीत. पण बाईनं वेदीपाशी उभं राहणं त्यांच्या गळी उतरतच नव्हतं. मंडळीतले निम्मे लोक त्यांच्या बाजूचे होते. हे बधले नाहीत. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर मला आपल्या नवऱ्याचा नव्यानं अभिमान वाटला, आणि तसं मी त्यांना सांगितलंही. ते म्हणाले, "उशीर केला गं मी."

पण दुसरंच एक संकट घरात येऊन बसलं होतं.

पहिल्यांदा मला ते जेवणाच्या टेबलावर दिसलं. ह्यांनी जेवणाआधीची प्रार्थना केली, आम्ही आमेन म्हटलं, मी वाढायला घेतलं, आणि ह्यांनी पुन्हा हात जोडून तीच प्रार्थना सुरू केली. पाहुणे होते. त्यांनीही डोळे मिटले. नंतर त्यातल्या एकीनं मला हळूच म्हटलं, "काय हो भक्ती साहेबांची!" मी काय बोलणार? बिशपचं विसरणं लवकर उघडं पडत नाही. उपदेशात मधेच दुवा निसटून हे गप्प राहिले की लोकांना वाटायचं, साहेब किती खोल विचार करतात. तेच वाक्य दोनदा म्हणाले, तर मुद्दा ठसवतायत. माणसांची नावं चुकली, तर एवढा मोठा धर्मप्रांत, किती लक्षात ठेवणार! एखादा दुकानदार असता तर गिऱ्हाइकांनी आठवड्यात पकडला असता. मी डॉक्टरकडे चला म्हणून मागे लागले. उत्तर काय आलं असेल ते सांगायला नको. निवृत्तीला दोनेक वर्षं राहिली होती. तेवढी कशीबशी निघतील अशी त्यांनाही आशा होती, आणि खरं सांगायचं तर मलाही.

दीक्षाविधीच्या रविवारी मोठं चर्च खचाखच भरलेलं. दोन तरुण मुलं आणि सिस्टर, असे तिघं. सिस्टर शेवटची. तिच्या वॉर्डातल्या नर्सेस ड्यूटीच्याच कपड्यांत मागच्या बाकांवर दाटीवाटीनं बसलेल्या. मी पुढून दुसऱ्या बाकावर. एकेकानं बिशपच्या खुर्चीसमोर गुडघे टेकायचे, बिशपनं डोक्यावर हात ठेवायचे, बाकीचे पाळक भोवती कोंडाळं करून आपले हात पुढे करतात, आणि बिशप त्याचं नाव घेऊन प्रार्थना म्हणतो. पहिल्याचं झालं. दुसऱ्याचं झालं. दुसऱ्याच्या आईला हुंदका फुटला, तो सगळ्या चर्चला ऐकू गेला. ह्यांनी मान वळवून तिच्याकडे बघितलं. सिस्टर पुढे होऊन गुडघ्यांवर बसलीही होती.

ह्यांनी मान परत वळवली ती सरळ टेबलाकडे. सगळ्यांवर हात ठेवून झाले की नव्या पाळकांना द्यायची बायबलं तिथे ठेवलेली होती. ह्यांनी हात पुढे केला. ह्यांचा सेक्रेटरी, पन्नाशीचा, जाडजूड, घाबरट माणूस, झुकून कानाशी काहीतरी कुजबुजला. हे त्याला काहीतरी म्हणाले आणि हसले. तो मागे सरला. सिस्टर तशीच, मान खाली घालून. भोवतालच्या पाळकांचे हात अर्धवट वर आलेले, ते एकेक करून खाली गेले. आर्चडिकननी सिस्टरकडे पाहिलं, ह्यांच्याकडे पाहिलं, आणि ऑर्गन वाजवणाऱ्याला मानेनं खूण केली. गीत सुरू झालं. ते लांबलचक गीत संपेपर्यंत सिस्टर गुडघ्यांवर होती. मग ती उठली, झग्याच्या चुण्या हातानं सरळ केल्या आणि डीकनच्या जागेवर जाऊन बसली. मागच्या बाकांवरच्या नर्सेसपैकी दोघीतिघी उठून बाहेर गेल्या.

मला तिथल्या तिथे ओरडावंसं वाटत होतं. पण ओरडून सांगणार काय, की माझा नवरा विसरला?

दुपारी जेवताना हे खुशीत होते. पाव तोडता तोडता म्हणाले, "छान झालं, नाही? सिस्टरच्या डोक्यावर हात ठेवला ना, तेव्हा तिचं डोकं थरथरत होतं. एवढी खंबीर बाई, पण थरथरत होती."

विसरलेलं मी समजू शकत होते. पण हे तर न घडलेलं आठवत होते. मी चमचा खाली ठेवला आणि म्हटलं, "अहो, तुम्ही तिच्या डोक्यावर हात ठेवलाच नाहीत."

ते हसले. मग माझ्या तोंडाकडे बघून त्यांचं हसू मावळलं. उठून त्यांनी सेक्रेटरीला फोन लावला. पलीकडून तो चाचरत काय सांगत होता ते मला टेबलापर्यंत ऐकू येत होतं. मी कानात सांगितलं होतं साहेब, की एक राहिलंय. तुम्ही म्हणालात, झालं की सगळ्यांचं. मला वाटलं, तुमच्या मनात काही असेल.

फोन ठेवून ते तिथेच उभे राहिले. असं काही झालं की माणूस रागावतो, नाकारतो, बायकोवर खेकसतो. ह्यांनी आपले दोन्ही हात उलटेपालटे करून बघितले आणि म्हणाले, "मला अजून जाणवतंय गं ते डोकं." मी रडले. एरवी मी रडत नाही.

संध्याकाळी आर्चडिकन आले, बरोबर मंडळीतली दोन वजनदार माणसं. बैठकीच्या खोलीत बसले, चहासुद्धा नको म्हणाले. आर्चडिकनचे डोळे भरून आले होते. त्यांनी ह्यांचा हात हातात घेतला आणि सांगितलं की साहेब, एवढ्या लोकांसमोर, एवढा दबाव असताना, शेवटच्या क्षणी तुम्ही आपल्या विवेकाला जागलात. असं धैर्य आम्ही पाहिलं नव्हतं. आम्ही सगळे तुमच्या पाठीशी आहोत, तुम्ही एक शब्दही बोलू नका, बाकीचं आम्ही सांभाळतो. बरोबरच्यांपैकी एकानं त्यात भर घातली की निवृत्तीनंतरही दोन वर्षं साहेबांनीच राहावं, असा ठराव आणता येईल.

मी दाराशी उभी होते. ह्यांना काहीच करायचं नव्हतं. नुसतं गप्प राहायचं होतं. गप्प राहिले तर तत्त्वाला जागणारा बिशप म्हणून नाव होणार, खुर्ची राहणार, घर राहणार, आणि डोक्यात काय चाललंय ते झाकलेलं राहणार. तोंड उघडलं तर सगळं जाणार. सिस्टरचं काय, ह्याचा त्या खोलीत कुणी उच्चारही केला नाही.

ह्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "बघू."

त्या दिवशी तो शब्द मला तोंडात मारल्यासारखा लागला. ते लोक गेल्यावर मी ह्यांच्याशी बोलले नाही. त्यांनीही मला काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर आली. ड्यूटीवरून सरळ आलेली, पायात तेच पांढरे बूट. मी तिला ह्यांच्या अभ्यासिकेत नेलं आणि बाहेर जायला निघाले, तर हे म्हणाले, तू थांब. सिस्टर खुर्चीच्या कडेवर बसली. आवाज शांत होता तिचा.

"साहेब, तुमच्या मनात नसेल तर मला तोंडावर सांगा. मी डीकन म्हणून काम करत राहीन. पण वॉर्डातले लोक विचारतायत, त्यांना मी काय सांगू?"

ह्यांनी चष्मा काढला, पण पुसला नाही. मग ते म्हणाले, "सिस्टर, तुमच्या डोक्यावर हात ठेवल्याचं मला स्पष्ट आठवतंय. आणि तसं घडलेलं नाही."

सिस्टरला कळलं. अशी माणसं तिनं वॉर्डात खूप पाहिली असणार. तिच्या चेहऱ्यावरचा सगळा ताण उतरला आणि त्या जागी जे आलं ते बघून मला तिचा हात धरावासा वाटला. वर्षानुवर्षं जिला ताटकळत ठेवलं, ती बाई क्षणभरही आपल्याबद्दल बोलली नाही. तिनं एक सुचवलं. रविवार सोडून एखाद्या दिवशी, दवाखान्याच्या छोट्या प्रार्थनाघरात, दार लावून, चार माणसांत उरकून टाकू. विधी पुरा होईल आणि साहेबांच्या तब्येतीचं कुणाला कळायचंही नाही.

मला ते पटलं. मी तसं म्हणालेही. इतकी सोपी वाट समोर असताना डोकं कशाला फोडून घ्यायचं?

हे मान हलवत राहिले. "नाही. लोक म्हणतील, बाई मागच्या दारानं आली. बिशपनं चारचौघांत नाकारली आणि मग कुणीतरी दडपण आणून चोरून करवून घेतलं. तुम्ही जन्मभर त्याचं उत्तर देत बसाल. मी तोवर असेन, नसेन. असलो तरी मला काही सांगता येणार नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "एवढं आहे तोवर मलाच केलं पाहिजे."

आठवडाभर घरात फोन वाजत राहिला. आर्चडिकननी एक मसुदा पाठवला, त्यात 'काही अपरिहार्य कारणास्तव' असे शब्द होते. ह्यांनी तो वाचला आणि बाजूला ठेवला. मला रोज सकाळी विचारायचे, रविवारी काय करायचंय ते मला सांग. मी सांगायचे. ते ऐकून घ्यायचे, दरवेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखे, आणि दरवेळी त्यांचा चेहरा उतरायचा. हे करवणं मला फार जड गेलं. पण विचारायचं त्यांनी सोडलं नाही आणि सांगायचं मी.

रविवारी चर्चमध्ये उभं राहायला जागा नव्हती. निम्मे लोक समर्थनाला आलेले, निम्मे भांडायला. हे उपदेशाच्या जागी गेले नाहीत. उभट टोपी काढून सेक्रेटरीकडे दिली, बिशपपदाची काठी घेऊन सरळ मधल्या वाटेपाशी आले आणि बोलू लागले. कागद नव्हता.

"मागच्या रविवारी मी ह्या बाईंच्या डोक्यावर हात ठेवला नाही. काहींना वाटलं, मी ते ठरवून केलं. काहींनी घरी येऊन माझं कौतुकही केलं. मी ठरवून काही केलेलं नाही. मी विसरलो. मला विसर पडतो आणि विसर पडला हेही लक्षात राहत नाही. बिशपला हे चालत नाही, म्हणून लवकरच मी ही जागा सोडतोय. पण माझ्या विसरण्याला कुणी माझं मत समजू नये."

माझ्या शेजारी एक म्हातारी बसली होती, ती माझ्याकडे न बघता माझा हात चाचपत राहिली. सिस्टर पुढे आली आणि गुडघे टेकले. पाळक एकेक करून भोवती उभे राहिले. आर्चडिकन आपल्या जागेवरून उठले नाहीत. ह्यांनी काठी सेक्रेटरीच्या हातात दिली, दोन्ही हात सिस्टरच्या डोक्यावर ठेवले आणि प्रार्थना सुरू केली.

नावापाशी ते थांबले.

पुस्तकात तिथे मोकळी जागा असते, नाव आपण भरायचं. ह्यांचे ओठ हलले, पण नाव येईना. सेक्रेटरी बाजूनं फुसफुसला. ह्यांनी मानेनं त्याला गप्प केलं. मी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, आता हे उन्मळून पडणार, आणि तेही सगळ्यांसमोर. पण ह्यांचा आवाज आला, अगदी सिंकखालून पाना मागताना यायचा तसा, सरळ.

"सिस्टर, माझ्या ध्यानातून तुमचं नाव गेलंय. तुम्हीच सांगा. मोठ्यानं सांगा, मागच्या बाकांपर्यंत जाऊ दे."

तिनं मान वर न करता, मोठ्यानं, आपलं पूर्ण नाव सांगितलं. ह्यांनी ते तसंच्या तसं म्हटलं आणि प्रार्थना पुरी केली. मागून नर्सेसचं आमेन इतक्या जोरात आलं की ऑर्गनवाला गडबडला.

पुढच्या महिन्यात ह्यांनी काठी वेदीवर आडवी ठेवली आणि पद सोडलं. निवृत्त बिशपनं आपला धर्मप्रांत सोडून दूर जावं, नव्या माणसाच्या पायात येऊ नये, अशी आमच्याकडे रीत आहे. पण अनोळखी गावात ह्यांना घर सापडलं नसतं, म्हणून नव्या बिशपनी आम्हाला इथेच राहू दिलं. तळमजल्यावरचा हा दोन खोल्यांचा फ्लॅट शोधून दिला तो आर्चडिकननी. तो माणूस सिस्टरच्या हातून अजूनही प्रभुभोजन घेत नाही, आणि ह्यांना फिरायला मात्र स्वतः नेतो. मी त्यांच्याशी ह्यावरून वाद घालायचं सोडून दिलंय. माणसं अशीच असतात.

हे आता खूप काही विसरलेत. बिशप होतो हे विसरले. आमचा मुलगा परदेशातून आला तर त्याला त्यांनी अदबीनं बसा म्हटलं. मला अधूनमधून विचारतात, तुमची शाळा सुटली का. एक गोष्ट मात्र जात नाही. अचानक जेवता जेवता, नाहीतर खिडकीपाशी बसल्या बसल्या, ते कासावीस होतात, हात चोळायला लागतात. एका बाईंचं राहिलंय, म्हणतात. ती तशीच बसलीय. मी सांगते, झालं हो, त्यांचं झालं. तेवढ्यानं शांत होतात. काही वेळानं पुन्हा तेच. मला कंटाळा येत नाही असं मी म्हणणार नाही. पण त्या दिवशी ते गप्प राहिले असते, तर ह्या प्रश्नाला मी काय उत्तर दिलं असतं, ह्याचा विचार मनात आला की माझ्या अंगावर काटा येतो.

सिस्टर दर आठवड्याला येते, ह्यांच्यासाठी भाकर घेऊन. आमच्या जेवणाच्या टेबलावर ती स्वतःच प्रभुभोजनाची प्रार्थना म्हणते. परवा आली तेव्हा ह्यांनी तिला ओळखलं नाही. तिचा झगा बघून मात्र त्यांनी तिची बाही घट्ट धरली.

"त्या बाईंचं राहिलंय. त्यांचं झालं का?"

सिस्टर ह्यांच्या खुर्चीशेजारी खाली बसली. "झालं, साहेब."

"कुणी केलं?"

"तुम्हीच केलंत."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर."

"बरं झालं," ते म्हणाले. मग त्यांनी, प्रभुभोजन घेताना धरतात तसा, उजवा तळवा डाव्यावर ठेवून हात पुढे केले, आणि सिस्टरनं भाकर त्यांच्या हातावर ठेवली.